कऱ्हाड दोनदा

"कऱ्हाड इज कमिंग टू टाइम्स. बोथ आर सेम, बट पायथन इज सेइंग नॉट सेम. काइंडली क्लिअर माय डाउट."

2020 च्या मे महिन्यातला हा प्रश्न मला जवळजवळ शब्दशः आठवतो, कारण तो बंद करणाऱ्या तीन मतांपैकी तिसरं मत माझं होतं. मूळ प्रश्न अर्थातच रोमन लिपीत होता. पायथन म्हणजे प्रोग्रामिंगची एक भाषा. त्यात कऱ्हाडचं नाव दिसल्यावर क्षणभर बरंही वाटलं होतं. मावशीचं घर, प्रीतिसंगमावरची संध्याकाळ, असं काहीतरी मनात येऊन गेलं. प्रश्नाखाली चित्राची एक लिंक होती. अगदी नव्या सदस्याला तिथे चित्र थेट प्रश्नात दाखवता येत नाही, नुसती लिंक उमटते. ती मी उघडली नाही. दोन मतं आधीच पडली होती, कारणही निवडलेलं होतं : ‘तपशील किंवा स्पष्टता हवी.’ मी बटण दाबलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. सगळं मिळून पंधरा सेकंदं गेली असतील.

हे झालं स्टॅक ओव्हरफ्लोवर. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी 2008 मध्ये सुरू केलेलं हे प्रश्नोत्तरांचं ठिकाण प्रोग्रामिंग करणाऱ्या कुणालाही नव्याने सांगायला नको. जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की तिथली रोजची देखभाल पगारी माणसं करत नाहीत, सदस्यच करतात. चांगल्या उत्तराला इतरांनी पसंती दिली की गुण मिळतात आणि गुणांबरोबर अधिकार वाढतात. 15 गुण झाले की दुसऱ्याच्या लिखाणाला पसंती देता येते, 50 झाले की कुठेही प्रतिक्रिया लिहिता येते, 2000 झाले की दुसऱ्याचा मजकूर कुणाला न विचारता दुरुस्त करता येतो. आणि 3000 झाले की प्रश्न बंद करण्यासाठी, म्हणजे त्याला नवी उत्तरं येणं थांबवण्यासाठी, मत देता येतं. पूर्वी अशी पाच मतं लागत, 2019 पासून तीन पुरतात. सदस्यांनी निवडून दिलेले काही नियंत्रक असतात, त्यांच्या नावापुढे हिऱ्याची खूण असते आणि त्यांचं एकच मत पुरेसं असतं. पण बंद होणाऱ्या प्रश्नांचा मोठा भार वाहतात ते माझ्यासारखे साधे सदस्य.

प्रश्न बंद करणं मुळातच वाईट, असं मला वाटत नाही. वाटणं शक्यच नाही. माझा तिथला पहिला प्रश्न बंद झाला होता आणि त्यानेच मला वाचवलं होतं.

2011 साली पुण्यात माझी पहिली नोकरी चालू होती. एका छोट्या वाचनालयाची पुस्तकांची यादी संगणकावर आणायचं काम माझ्याकडे आलं. तीनेकशे नावं मी हाताने टाइप केली, माय-एस-क्यू-एल या डेटाबेसच्या तक्त्यात साठवली आणि पान उघडून पाहिलं तर प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. पाच अक्षरांचं नाव असेल तर पाच-सहा प्रश्नचिन्हं, बस्स. दोन दिवस डोकं आपटून शेवटी धीर करून प्रश्न विचारला. शब्दकोश शेजारी ठेवून लिहिलेलं इंग्रजी होतं ते. वीस मिनिटांत पाच मतं पडली : ‘हा प्रश्न आधी विचारलेला आहे.’ वर एका जुन्या प्रश्नाचा दुवा.

तो जुना प्रश्न 2008 सालचा, ‘यूटीएफ-एट ऑल द वे थ्रू’ या नावाचा. यूटीएफ-एट म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायची एक सांकेतिक पद्धत. डोळे पुसून मी तो वाचायला घेतला आणि तासाभराने माझ्या लक्षात आलं की या एका पानावर माझ्या दोन दिवसांचं उत्तर मांडून ठेवलेलं आहे. अक्षरं ज्या तक्त्यात राहतात तो तक्ता, प्रोग्राम आणि तक्ता यांच्यामधली जोडणी, आणि शेवटी वाचकाला दिसणारं पान, या तिघांनीही एकच सांकेतिक पद्धत मानली पाहिजे. मी तक्ता नीट केला होता, पान नीट केलं होतं, मधली जोडणी विसरले होते. ती मुळातल्या लॅटिन-वन पद्धतीवरच चालू होती. लॅटिन-वनमध्ये ‘म’ला जागाच नाही, म्हणून तिने प्रत्येक अक्षर टाकून देऊन तिथे ‘?’ ठेवला होता. अक्षरं विचित्र दिसत असती तर परत मिळवता आली असती. प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर मात्र गेलंच. ती तीनशे नावं मी पुन्हा टाइप केली.

त्या पानावर पुढे मी पुष्कळदा गेले. कुणाची अरबी मोडलेली असे, कुणाची रशियन, कुणाची आपल्यासारखी देवनागरी. सगळे वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारत आणि सगळ्यांना तिथेच आणून सोडलं जाई. दुबार ठरलेला प्रश्न सहसा पुसून टाकत नाहीत, तो मुद्दाम राहू देतात. माणूस आपल्याला सुचेल त्या शब्दांत शोधतो, आणि त्या शब्दांनी मूळ पान सापडत नसलं तरी असा एखादा बंद प्रश्न सापडतो, तो बोट दाखवतो. फाट्यावरच्या पाटीसारखा. माझा प्रश्नही अशीच एक पाटी होऊन राहिला, याचा पुढे मला अभिमान वाटू लागला.

आणि दुबार नसलेले, नुसते अर्धवट प्रश्न? तेही थांबवावे लागतात. उत्तर देणारी माणसं फुकट वेळ देतात. प्रश्नात काय चुकतंय हेच नसेल तर दहा जण दहा अंदाज बांधतात, त्यातला एखादा चुकून लागू पडतो आणि मग दहा वर्षं तो अंदाज शोधयंत्रात उत्तर म्हणून वर येत राहतो. म्हणून आधी थांबवायचं, विचारणाऱ्याने प्रश्न सुधारायचा, मग पुन्हा उघडायचा, अशी मूळ कल्पना. मराठीत याला नेमका शब्द आहे : तहकूब. सभा तहकूब होते ती पुन्हा भरण्यासाठी. ‘बंद’ म्हटलं की मात्र शटर खाली ओढल्याचा आवाज येतो. 2013 मध्ये तिथेही हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ताज्या बंद प्रश्नांवर ‘स्थगित’ अशा अर्थाचा शिक्का येऊ लागला. काही वर्षांनी तो गेला, पुन्हा ‘बंद’ आला. कारण स्थगित म्हटल्याने प्रश्न फारसे उघडत नव्हते. शब्द बदलून फरक पडला नाही, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. सभा पुन्हा भरायची तर तिची तारीख कुणीतरी लावावी लागते.

2016 मध्ये माझे 3000 गुण झाले आणि मी पलीकडच्या बाजूला गेले.

बंद करण्यासाठी सुचवलेले प्रश्न एका रांगेत येतात. एक प्रश्न समोर, खाली बटणं : बंद करा, उघडा राहू द्या, दुरुस्त करा, सोडून द्या. दाबलं की पुढचा. मध्येच एखादा आधीच निकाल लागलेला प्रश्न परीक्षेसाठी घुसवलेला असतो, तुम्ही न वाचता बटणं दाबत नाही ना हे पाहायला. त्या परीक्षा ओळखायला आपण फार लवकर शिकतो. एका रांगेत हजार परीक्षणं झाली की ‘स्टुअर्ड’ नावाचा सोनेरी बिल्ला मिळतो. लॉकडाउनच्या त्या महिन्यांत मी आठशेच्या पुढे गेले होते. दिवसभराचं ऑफिसचं काम घरून, संध्याकाळी भांडी, आणि रात्री बिछान्यात पडल्या पडल्या रांग. मला ते समाजकार्यच वाटत होतं. काही अंशी ते होतंही. घराघरांत बसून माणसं नव्याने प्रोग्रामिंग शिकत होती, प्रश्नांचा लोंढा होता, आणि कुणीतरी तो आवरायला हवा होता.

पण मोजलं जात होतं ते बटण दाबणं. वाचलं की नाही हे मोजायची सोय कशातच नसते. आणि जे मोजलं जातं त्याच्याकडे हात आपोआप वळतो, हे मी माझ्याच हाताबद्दल सांगते आहे.

आपल्याकडच्या मुलांचे प्रश्न त्या रांगेत फार दिसत. ओळखायला वेळ लागत नसे. ‘आय हॅव अ डाउट’ अशी सुरुवात. शाळेत बाई विचारायच्या, "काही शंका?" तीच शंका कॉलेजात ‘एनी डाउट्स?’ झाली आणि तिथून जगाच्या पाठीवर गेली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या कानांना ‘डाउट’ म्हणजे अविश्वास. प्रश्न विचारणारा नेमका कशावर अविश्वास दाखवतो आहे हे त्यांना कळत नाही. मग कुणीतरी तो शब्द कापतो. सुरुवातीचं ‘हाय’, ‘हॅलो’ तर यंत्रच काढून टाकतं आणि शेवटचं ‘थँक्स इन ॲडव्हान्स’ कुणी संपादक काढतो. मजकूर नेमका राहावा म्हणून हे करतात, त्यात वावगं नाही. पण ज्या भाषेत पत्राची सुरुवातच सा.न.वि.वि.ने होते, तिच्यात वाढलेल्या पोराला आपला नमस्कार खोडलेला दिसल्यावर काय वाटत असेल ते मला माहीत आहे. मी ते सोसलं होतं. सोसलं होतं म्हणून मी अधिक जपून वाचायला हवं होतं. झालं उलटंच : माझं इंग्रजी सुधारलं आणि माझ्या जुन्या इंग्रजीत लिहिलेले प्रश्न मला दुरून ‘अस्पष्ट’ दिसू लागले. पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी लोकांसाठी या ठिकाणाच्या वेगळ्या आवृत्त्या आहेत. मराठीत नाही, हिंदीतही नाही. आपल्या मुलाला अडचण मराठीत येते, ती इंग्रजीत न्यावी लागते, आणि या वाहतुकीत जे सांडतं ते त्याच्या विचारातच नव्हतं असं धरलं जातं.

2022 च्या पावसाळ्यात माझ्याकडे दोन याद्या आल्या. दोन्हीत पुणे जिल्ह्यातल्या गावांची नावं, दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळ्या माणसांनी टाइप केलेली. त्या जुळवायच्या होत्या. बाकी गावं जुळली, खडकवासल्याजवळचं गोऱ्हे बुद्रुक काही केल्या जुळेना. दोन्हीकडे गोऱ्हे. मी अक्षरन् अक्षर पाहिलं, मागेपुढे रिकामी जागा राहिली आहे का ते पाहिलं. पायथन म्हणे, दोन्ही शब्द वेगळे. सगळी दुपार गेली. मग सहज म्हणून दोन्ही शब्दांची लांबी छापून पाहिली. एकाची सहा, दुसऱ्याची सात.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. रफार वर चढतो, आणि हा दुसरा अर्धा ‘र’ पापणीसारखा आडवा पुढच्या अक्षराला चिकटतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, हा आडवा र दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट म्हणजे नुक्ता असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग पुढचं अक्षर. इनस्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी वेगळी कळच आहे. दुसरी वाट म्हणजे साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, आणि मग पुढचं अक्षर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली अक्षरं एका साच्यात आणण्यासाठी युनिकोडने जे प्रमाणीकरण ठरवलं आहे तेही इथे उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या हिशेबी या दोन वाटा समान नाहीत. एक वाट दुसरीत आपणच बदलून घ्यावी लागते. एका ओळीचं काम आहे, माहीत असेल तर.

ती ओळ लिहून झाली, गोऱ्हे जुळलं, आणि चहा करायला उठताना मला ते वाक्य आठवलं. बोथ आर सेम, बट पायथन इज सेइंग नॉट सेम.

कऱ्हाड. क, मग हाच र.

त्या मुलाने, किंवा मुलीने, अतिशय नेमका प्रश्न विचारला होता. माझ्यापेक्षा नेमका. दोन्ही सारखे आहेत आणि पायथन नाही म्हणतो, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. रोमन लिपीत लिहिलेल्या ‘कऱ्हाड’मध्ये ती अडचण दिसणंच शक्य नव्हतं. ती दिसली असती त्या चित्रात, जे मी उघडलं नाही. आधीच्या दोघांनी उघडलं असतं तरी त्यांना दोन सारखी नक्षी दिसली असती. ते चित्र वाचू शकणारं त्या रांगेत त्या रात्री कुणी असलंच तर ते मी होते.

मी लॉगइन करून शोधलं. सापडलं नाही. बंद झालेला, दुबार नसलेला, पसंती किंवा चांगलं उत्तर न मिळालेला प्रश्न नऊ दिवस तसाच पडून राहिला की यंत्र तो आपोआप पुसतं. जमीन साफ करत फिरणाऱ्या यंत्रावरून सदस्य त्याला ‘रूंबा’ म्हणतात. पुसलेले प्रश्न पाहायला 10,000 गुण लागतात, माझे त्याच्या निम्मेही नव्हते. विचारणाऱ्याचं नाव मी त्या वेळी पाहिलंच नव्हतं. कुठल्याशा महाविद्यालयाचा प्रकल्प असेल, पूर, करोना, शेती, जे काही असेल ते. त्यात कऱ्हाडचे आकडे दोन तुकड्यांत राहिले असतील. किंवा त्याने ते हाताने एकत्र केले असतील आणि पुन्हा कधी कुणाला काही विचारलं नसेल. हे दुसरं मला जास्त लागतं.

पूर्वी, 2013 पर्यंत, प्रश्न बंद करण्याच्या कारणांत एक कारण ‘फारच स्थानिक’ असं होतं. लहानशा भूभागापुरता, ठरावीक क्षणापुरता, जगाला उपयोग नसलेला प्रश्न. ते कारण काढलं गेलं हे बरंच झालं. आडवा र त्या कारणाखाली सहज बसवला गेला असता. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींहून अधिक होते. आठ कोटींचं अक्षर स्थानिक की जागतिक, हे बटण दाबणाऱ्याला ते अक्षर वाचता येतं की नाही यावर ठरतं.

2018 च्या एप्रिलमध्ये कंपनीनेच जाहीरपणे लिहिलं होतं की हे ठिकाण नव्या लोकांना आपलंसं वाटत नाही आणि ते बदलायला हवं. त्यावर केवढा तरी वाद झाला. जुने सदस्य म्हणाले, गोड बोलायचं म्हणून दर्जा सोडायचा का? नवे म्हणाले, दर्जाच्या नावाखाली माणसं हाकलता. मी तेव्हा जुन्यांच्या बाजूने होते. आता वाटतं, वाद भलत्याच जागी चालला होता. मी त्या मुलाशी उद्धट बोलले नव्हते. एक शब्दही बोलले नव्हते. गोड किंवा कडू बोलण्यासाठी आधी समोरचं वाचावं लागतं. माझ्या पहिल्या प्रश्नावर ज्या पाच जणांनी मत दिलं तेही माझ्याशी बोलले नव्हते, पण ‘लॅटिन-वन’ हा शब्द माझ्या प्रश्नात कुठेही नसताना त्यांनी मला नेमकं त्या पानावर पोचवलं होतं. म्हणजे त्यांनी वाचलं होतं. 2024 मध्ये नव्या सदस्यांच्या प्रश्नांसाठी वेगळी ओसरी उघडली गेली. प्रश्न सगळ्यांसमोर जाण्याआधी तिथे कुणी अनुभवी माणूस तो वाचतो, काय कमी आहे ते लिहितो. उशिरा का होईना, चांगली गोष्ट झाली.

उशिरा म्हणते, कारण तोवर गर्दी पांगली होती. 2022 च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं. काही दिवसांतच स्टॅक ओव्हरफ्लोने यंत्राकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली. 2023 च्या जूनमध्ये त्या बंदीच्या अंमलबजावणीवरून नियंत्रकांनी आणि पुष्कळ सदस्यांनी संप केला, तो ऑगस्टपर्यंत चालला. मीही त्या दिवसांत रांगेत गेले नाही. आणि नव्या प्रश्नांची संख्या घसरत घसरत कुठच्या कुठे गेली. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी कुठेच प्रश्न विचारत नाही, यंत्राला विचारते. यंत्र तिचा नमस्कार खोडत नाही, प्रश्न बंद करत नाही, रात्री दोन वाजताही उत्तर देतं. तिला मी काय म्हणून अडवू? फक्त तिच्या अडचणीची पाटी कुठे उभी राहत नाही. तिच्यामागून येणाऱ्याला ती इथे येऊन गेल्याचं कळत नाही.

मी काय केलं ते सांगते. तिथे स्वतः प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देण्याची मुभा आहे. त्या पावसाळ्यातच मी तो प्रश्न लिहिला. ‘दोन देवनागरी शब्द सारखे दिसतात, तरी पायथन ते वेगळे का मानतो?’ गोऱ्हेऐवजी उदाहरण कऱ्हाडचं घेतलं. रोमन लिपीत नव्हे, देवनागरीत, आणि शेजारी प्रत्येक चिन्हाचा क्रमांक. उत्तरात दोन्ही वाटा, सहा आणि सात, ती एक ओळ. दुसऱ्या दिवशी त्यावर बंद करण्याचं एक मत पडलेलं दिसलं. कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता. दुसरं पडलं नाही. काही दिवसांनी ते एक मतही मुदत संपून गळून गेलं. तीन-चार पसंत्या मिळाल्या.

रांगेत मी अजून जाते, क्वचित. दिवसाला तीन-चार प्रश्न, लिंक उघडून. तो सोनेरी बिल्ला आठशे-कितीवर राहिला आहे.

गेल्या वर्षी एक प्रश्न समोर आला. नेपाळी मजकुरात शोध घेणारा प्रोग्राम, एक शब्द कधी सापडतो, कधी सापडत नाही. इंग्रजी तुटक होतं. चित्राची लिंक होती. उघडली. शब्द होता ‘गर्‍यो’. नेपाळीतही हा आडवा र आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. एक मत आधीच पडलं होतं, कारण तेच : स्पष्टता हवी. मी दुबार म्हणून मत दिलं आणि माझ्या कऱ्हाडच्या पानाचा दुवा जोडला. मत देण्याआधी खाली लिहिलं : ‘तुमच्या शब्दात र आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं चिन्ह आहे. दोन्ही शब्दांची लांबी मोजून पाहा. एकसारखी आली तर मला इथेच सांगा, मग माझं चुकलं आहे, मी मत मागे घेईन.’

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. लांबी पाच आणि सहा आली होती. त्याखाली दोन ओळींत आभार, नमस्काराची दोन हातांची खूण.

अशा प्रतिक्रिया ‘आता गरज नाही’ असं कळवून काढून टाकायची तिथे रीत आहे. ही अजून आहे. मध्ये जाऊन पाहते मी.